पेरणारे कोण आणि कापणारे कोण?

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचे बी जिभेला लावतात आणि मगच फराळाच्या पाटावर बसतात. कारीट जहर कडू. पण ते चाखल्यावाचून गोडाला हात लावायचा नाही, असा वाडवडिलांचा दंडक. वाचकहो, माझा हा लेख त्या कारिटासारखा समजावा. अंकात पुढेमागे विनोदी कथा असतील, वार्षिक भविष्य असेल, व्यंगचित्रे तर असतीलच. तिकडे वळण्यापूर्वी एवढे कडू बी जिभेला लावून घ्यावे, इतकीच विनंती.

माझे भांडण एका वाक्याशी आहे. पाकिस्तानात कुठे स्फोट झाला, मशिदीत माणसे मेली, बाजारात चिंधड्या उडाल्या, अशी बातमी आली की आपल्याकडे ते वाक्य हमखास ऐकू येते. लोकलच्या डब्यात येते, न्हाव्याच्या खुर्चीत येते, लग्नाच्या पंगतीत येते. ‘पेरले तसे उगवले!’ म्हणणारा ते मोठ्या समाधानाने म्हणतो. जणू विश्वाचा न्याय त्याच्या डोळ्यांदेखत पार पडला आणि पंच म्हणून सही करायला त्याला बोलावले आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. मुत्सद्देगिरी मला कळत नाही आणि कळते असा आव मी आणणार नाही. पण पोरांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात माझी वर्षे गेली आहेत, आणि एवढे मी खात्रीने सांगतो की हे वाक्य म्हणजे चुकलेला हिशेब आहे.

मुळात ही म्हण शेतकऱ्याची. ज्याने पेरले त्याच्याच शेतात ते उगवते आणि त्यालाच ते कापावे लागते, म्हणून तिच्यात अर्थ आहे. पाकिस्तानात काय घडले? पेरणारे एक होते आणि विळा मात्र दुसऱ्याच कोणाच्या मानेवर चालला.

पेरणी कोणी केली ते काही गुपित नाही. १९७९च्या डिसेंबरात रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया उल हक यांची लष्करी राजवट होती. अमेरिकेचा आणि सौदी अरबस्तानचा पैसा, अमेरिकेची शस्त्रे आणि पाकिस्तानी लष्कराच्या गुप्तहेर खात्याची व्यवस्था, अशी ती भागीदारी. १९८९ साली रशियन फौजा परत गेल्या. पण बंदुका परत गेल्या नाहीत आणि बंदूक धरायला शिकलेले हातही परत गेले नाहीत. त्यांतले काही काश्मीरकडे वळवले गेले. १९९६ साली तालिबानने काबूल घेतले, तेव्हा त्यांच्या सरकारला मान्यता देणारे देश जगात अवघे तीन निघाले; त्यांत पाकिस्तान होता. पुढे २००७च्या डिसेंबरात पाकिस्तानातल्याच टोळ्यांनी एकत्र येऊन ‘तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान’ नावाची संघटना उभी केली आणि बंदुकीचे तोंड खुद्द पाकिस्तानकडे फिरले. तरी तिथल्या राज्यकर्त्यांनी ‘चांगले तालिबान’ आणि ‘वाईट तालिबान’ अशी प्रतवारी चालूच ठेवली. शेजाऱ्याला मारील तो चांगला, आपल्याला मारील तो वाईट!

ही झाली पेरणी. आता कापणीचा हिशेब पाहू.

१६ डिसेंबर २०१४. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये सकाळी तास चालू होते. सभागृहात मुलांना प्रथमोपचाराचे शिक्षण दिले जात होते. जखम कशी बांधावी, रक्त कसे थांबवावे, हा त्या दिवशीचा धडा. भिंतीवरून चढून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्या सभागृहात आणि वर्गावर्गांतून गोळ्या झाडल्या. दीडशेच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांत एकशे तीसहून अधिक विद्यार्थी होते. मुख्याध्यापिका ताहिरा काझी मारल्या गेल्या. माझ्यासारख्या शिक्षकाला हा आकडा नुसता वाचता येत नाही. मी तो वर्गांत मोजतो. एकशे तीस मुले म्हणजे आमच्या शाळेतल्या तीन तुकड्या. तीन हजेरीपत्रके घ्यायची आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत लाल रेघ ओढायची. त्या मुलांतल्या कोणी १९७९ साली पेरणी केली होती? त्यांचे बापसुद्धा त्या वेळी चड्डीत असतील!

त्याच वर्षाच्या ६ जानेवारीची गोष्ट. हंगू जिल्ह्यात इब्राहिमझाई नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेतला एतजाज हसन हा नववीतला मुलगा. शाळेत यायला उशीर झाला म्हणून तो फाटकाबाहेर होता, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले होते. शाळेच्या गणवेशात आलेल्या एका अनोळखी माणसाचा त्याला संशय आला. त्या माणसाच्या अंगावर बॉम्ब बांधलेला होता. एतजाज पळाला नाही, त्याने त्याला अडवले, आणि स्फोटात स्वतः गेला. आत जमलेली शेकडो मुले वाचली. आमच्या गिरगाव चौपाटीवर २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवली, त्यांच्या आणि या पोराच्या जातीत मला तरी काही फरक दिसत नाही. ओंबळे पोलीस होते, हे तर शाळकरी पोर होते.

२० जानेवारी २०१६ रोजी चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला. बाचा खान म्हणजे आपले सरहद्द गांधी, खान अब्दुल गफार खान. १९८७ साली त्यांना आपण भारतरत्न दिले. २० जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. विद्यापीठात त्या दिवशी मुशायरा ठेवला होता. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या पुण्यतिथीला त्याच्याच नावाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना टिपून मारले गेले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी आपल्या पिस्तुलातून गोळ्या झाडून मुलांना पळायला अवधी मिळवून दिला आणि ते पडले.

१६ फेब्रुवारी २०१७. सिंधमधल्या सेहवान गावी लाल शहाबाज कलंदरचा दर्गा आहे. तिथे हिंदूही जातात, मुसलमानही जातात, आणि नगाऱ्याच्या तालावर बेभान होऊन नाचतात. त्या नाचाला धमाल म्हणतात. त्या गर्दीत आत्मघातकी स्फोट झाला आणि ऐंशीहून अधिक भाविक गेले. दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात पुन्हा धमाल झाली! टाळ-मृदंगाच्या गजरात वाळवंटी नाचणाऱ्या आपल्या वारकऱ्याला त्या लोकांचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी किती सांगू? ८ ऑगस्ट २०१६ रोजी क्वेट्ट्यात एका वकिलाचा खून झाला. त्याचा मृतदेह पाहायला रुग्णालयात जमलेल्या वकिलांच्या घोळक्यात स्फोट झाला. सत्तरांवर माणसे मेली, बहुतेक वकील. एका सकाळी एका शहरातली वकिलांची अख्खी पिढी कापली गेली. २०१२च्या डिसेंबरापासून पोलिओचे थेंब पाजत दारोदार फिरणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या संरक्षणाला दिलेल्या शिपायांना गोळ्या घातल्या जात आहेत. ३० जानेवारी २०२३ रोजी पेशावरच्या पोलीस वसाहतीतल्या मशिदीत ऐंशीहून अधिक लोक नमाज पढताना गेले.

शाळकरी मुले, प्राध्यापक, वकील, फकीर, दाई, हवालदार ही कापणी करणारी मंडळी. यांतल्या एकाने तरी पेरणी केली होती? म्हणून म्हणतो, इथे ‘पेरले तसे उगवले’ ही म्हण लागू नाही. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण लागू आहे. आणि फाशी पाहून टाळ्या पिटणाऱ्याने निदान एवढे ओळखावे की दोरात लटकतो आहे तो संन्यासी आहे. चोर तर तिकडे बंगल्याच्या गच्चीवर उभा राहून आपल्याबरोबरच तमाशा पाहतो आहे.

तो चोर कसा सुटतो तेही पाहा. पेशावरची मुले मेली तो मंगळवार होता. बुधवारी भारतातल्या शाळाशाळांतून दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. तसे आवाहन खुद्द पंतप्रधानांनी केले होते आणि ते त्यांना शोभले. गुरुवारी, १८ तारखेला, इस्लामाबादच्या न्यायालयाने झकीउर रहमान लख्वी याला जामीन मंजूर केला. हा कोण? मुंबईत १६६ माणसांचे बळी घेणाऱ्या हल्ल्याचा आखणीदार म्हणून ज्याच्यावर खटला चालू होता तो. गावात तीन तुकड्यांचे सुतक चालू, आणि कचेरीत हा कारभार! आणखी काही दिवस त्याला इतर निमित्ताने आत ठेवले आणि एप्रिल २०१५ मध्ये सोडून दिले. पुढे २०२१ साली पैसे पुरवल्याच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली. मुंबईच्या खुनांबद्दल नव्हे.

आणि पेशावरच्या आईबापांचे काय झाले? त्यांनी एकच धोसरा धरला: आमच्या मुलांच्या रक्षणात कसूर कोणी केली ते सांगा. चौकशी आयोग नेमायला २०१८ साल उजाडले. १० नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान इम्रान खान यांना समक्ष उभे करून जाब विचारला, तोही याच आईबापांच्या चिकाटीमुळे. दरम्यान पेशावरच्या हत्याकांडाचे समर्थन करणाऱ्या संघटनेचा बोलका प्रवक्ता एहसानुल्लाह एहसान हा लष्कराच्या ताब्यात आलेला गडी २०२० साली तिथून निसटलाही! ज्या आईने मुलाचा रक्ताने भिजलेला गणवेश ट्रंकेत जपून ठेवला आहे, ती आज पाकिस्तानी लष्कराला जो प्रश्न विचारते आहे तोच प्रश्न आपला मुंबईकर विचारतो आहे: हे पोसले कोणी? मग तिची आणि आपली बाजू एकच नव्हे काय? आपण तिलाच हसायचे?

‘अहो मास्तर, पण तिथला समाजही काही धुतल्या तांदळासारखा नाही!’ असे कोणी म्हणेल. मी कुठे तसे म्हणतो? ४ जानेवारी २०११ रोजी पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने मारले, आणि त्या खुन्यावर तिथल्या काही वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती पडले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी इम्रान खान म्हणाले की अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या. आणि कुठल्या समारंभात म्हणाले? नव्या शालेय अभ्यासक्रमाच्या! त्या बेड्या तुटल्यावर अफगाण मुलींना सहावीच्या पुढे शाळेचे दार बंद झाले. पुढच्याच महिन्यात पाकिस्तानी गुप्तहेर खात्याचे प्रमुख काबूलच्या हॉटेलात चहाचा पेला हातात धरून हसताना जगाने पाहिले. त्या चहाची किंमत किती पडली? २०२२च्या नोव्हेंबरात पाकिस्तानी तालिबानने शस्त्रसंधी मोडली आणि हल्ल्यांची लाट पुन्हा उसळली; ऑक्टोबर २०२५ मध्ये तर पाकिस्तानी फौजा आणि अफगाण तालिबान सरहद्दीवर एकमेकांशी लढू लागले. तो समाज दोषी नाही असे नव्हे. दोष मोजून द्यावा, घाऊक देऊ नये, एवढेच माझे म्हणणे. चोवीस कोटींना एका मापाने मोजणारा व्यापारी लबाड असतो.

आता माझ्याच वर्गातली एक गोष्ट सांगतो. मार्च २०२५ मध्ये बलुचिस्तानात जाफर एक्सप्रेस ही आगगाडी बोलनच्या डोंगरात अडवून चारशेहून अधिक उतारू ओलीस धरले गेले. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एका मुलाने ही बातमी सांगितली आणि टाळी वाजवली. मी विचारले, ‘टाळी कशाला रे?’ तो म्हणाला, ‘सर, पप्पा म्हणाले, बरं झालं.’ पोर गुणी आहे. त्याला मी रागावलो नाही. फळ्यावर आगगाडी काढली आणि विचारले की या डब्यात कोण कोण बसले असेल ते सांगा. सुट्टीवर निघालेला शिपाई, बाळंतपणाला निघालेली मुलगी, खेळणी विकणारा म्हातारा, अशी पाचपंचवीस नावे निघाली. मग कोणी टाळी वाजवली नाही. सातवीच्या पोरांना जे दहा मिनिटांत समजते ते पप्पांना समजायला काय हरकत आहे?

बलुची लोकांचे गाऱ्हाणे खरे आहे. १९५२ साली त्यांच्या सुई गावी जमिनीखाली गॅस सापडला आणि तो दूरदूरच्या शहरांतल्या चुली पेटवू लागला. बलुची घरांत मात्र कित्येक वर्षे लाकडेच जळत राहिली. त्यांची तरुण मुले बेपत्ता होतात आणि आया रस्त्यावर त्यांच्या तसबिरी घेऊन बसतात. त्या आयांच्या बाजूने बोला, मी तुमच्या मागे उभा राहतो. परंतु २६ ऑगस्ट २०२४ रोजी याच बलुचिस्तानात मुसाखेल येथे बसगाड्या थांबवून, उतारूंची ओळखपत्रे तपासून, पंजाबचे म्हणून निवडलेले २३ जण गोळ्या घालून मारण्यात आले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या कुरणात धर्म विचारून माणसे मारली गेली. मेलेल्या २६ जणांत आपल्या महाराष्ट्राचे सहा होते. डोंबिवलीत, पुण्यात, पनवेलीत त्या घरांतून उठलेला आकांत आपण ऐकला आहे. मग मला सांगा, नाव-गाव-धर्म विचारून गोळी घालणे हे पहलगामात पाप आणि मुसाखेलला पुण्य कसे? पाप हे जागा बदलली म्हणून पुण्य होत असेल, तर पाकिस्तानी सेनापतींची ‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही प्रतवारी काय वाईट होती? तीच प्रतवारी आपण आता चहा पिता पिता करू लागलो आहोत.

आणि हे नुसते चहापुरते राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाण तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले. राज्य चालवायचे म्हणजे नको त्या माणसाशीही बोलावे लागते, हे मी मान्य करतो. ते काम ज्यांचे त्यांनी करावे. पण त्यांच्या पहिल्या वार्ताहर परिषदेत एकाही स्त्री-पत्रकाराला प्रवेश मिळाला नाही, आणि हे आपल्या राजधानीत घडले! ओरड झाली तेव्हा दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन बायकांना बोलावले. या पाहुण्यांविषयी आपल्यातल्या कित्येकांना जे प्रेमाचे भरते आले ते कशामुळे? तर ते आता पाकिस्तानशी लढतात म्हणून. शत्रूचा शत्रू तो मित्र! १९७९ साली अमेरिकेने नेमके हेच गणित मांडले होते. ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलून मुलींना अक्षर शिकवले, त्या पुण्याच्या माणसाने मुलींच्या शाळेला कुलूप घालणाऱ्याला मित्र म्हणावे, याची मला लाज वाटते. व्यवहार म्हणून हात मिळवणे निराळे आणि गळ्यात गळा घालणे निराळे.

कोणी म्हणेल, त्या मुलखाशी आपला संबंध काय? संबंध आहे. कराचीत एन.जे.व्ही. या नावाची एक जुनी सरकारी शाळा आहे. १८५५ साली ती सुरू झाली, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. ‘एन.जे.व्ही.’ म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. हा मराठी माणूस तिथे शिक्षणखात्यात अधिकारी होता आणि सिंधमधली ती पहिली सरकारी शाळा आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. फाळणी झाली, दंगली झाल्या, युद्धे झाली, पण ते नाव पुसले गेले नाही. एका मराठी मास्तराच्या नावाखाली आज कराचीतली पोरे पाढे म्हणत असतील. त्यांच्या शाळेत उद्या बॉम्ब फुटला तर ‘बरे झाले’ म्हणायचे काय?

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो,’ असे आपले पूर्वज सांगून गेले. पाकिस्तानच्या सेनापतींनी परक्याची म्हातारी मेली म्हणून काळाला घरात घेतले, पाटावर बसवले, जेवू घातले. त्याने पेशावरची कोवळी पोरे उचलली. मला भय वाटते ते दुसऱ्याच्या पोरांच्या मरणाची चटक लागलेल्या जिभेचे. ही चटक घरातच लागते, फराळाच्या ताटावर लागते, आणि सातवीच्या वर्गात टाळी होऊन वाजते.

लष्करावर, त्यांच्या सेनापतींवर, लख्वीसारख्यांवर खुशाल राग धरा. तो राग मीही धरतो, आणि शेवटचा गुन्हेगार मुंबईच्या खुनांसाठी कोर्टात उभा राहीपर्यंत तो निवू देऊ नये असेच म्हणेन. पण पुढच्या वेळी तिकडची बातमी येईल तेव्हा ‘पेरले तसे उगवले’ म्हणण्याआधी मेलेल्यांची यादी एकदा नावानिशी, वयानिशी वाचा. तीत पेरणाऱ्यांपैकी एखादा सापडला तर म्हणा काय ते. नाही सापडला, तर वर्तमानपत्राची घडी घाला आणि आपल्या पोराला शाळेत पोचवून या.